ब्लू ग्रास बॉइज
ब्लू ग्रास बॉइज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रसिद्ध लोकवाद्यवृंद. मँडोलिनवादक व गायक बिल मन्‌रो याने तो १९३८-३९ च्या सुमारास स्थापन केला आणि १९९६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविला. ‘ब्लूग्रास’ या संगीतशैलीला याच वृंदावरून नाव मिळाले. जवळजवळ सहा दशकांच्या काळात शंभराहून अधिक वादक व गायक या वृंदात येऊन गेले. तथापि १९४५ अखेर ते १९४८ चा प्रारंभ या अल्पकाळातील पाच जणांचा संच विशेष महत्त्वाचा मानला जातो. बिल मन्‌रो (मँडोलिन), लेस्टर फ्लॅट (गिटार), अर्ल स्क्रग्ज (बँजो), चबी वाइझ (फिडल) आणि हॉवर्ड वॉट्स (उभा बास) हे ते पाच कलावंत होत. त्यांच्या वादनातून जी घडण सिद्ध झाली, तीच पुढे ब्लूग्रासची प्रमाण घडण ठरली.

ब्लूग्रास हे ॲपालॅचिअन पर्वतराजीतील एकाकी वस्त्यांमध्ये शतकानुशतके जपले गेलेले प्राचीन गिरिसंगीत होय, अशी समजूत सर्वत्र आढळते. या पाच वादकांची सांगीतिक पार्श्वभूमी पाहिली, तर ही समजूत टिकत नाही. त्यांच्यापैकी दोघे फ्लॉरिडा राज्याच्या सपाट प्रदेशातील, एक केंटकीच्या पश्चिम भागातील, एक नॉर्थ कॅरोलायनातील कापड गिरण्यांच्या टापूतील व एक टेनेसीतील कंबर्लंड पठाराच्या कडेवरील होता. बहुतेकांनी गिरणी, तेलशुद्धीकरण कारखाना किंवा टॅक्सी यांवर मोलमजुरी केली होती आणि नभोवाणी व ध्वनिमुद्रिका ऐकतच ते वाढले होते. त्यांचे संगीत जुन्या परंपरांवर पोसलेले होते, हे खरे. पण त्या परंपरा अनेक व परस्परभिन्न होत्या आणि त्यांचा संगम विसाव्या शतकाच्या मध्यास एका व्यावसायिक रंगमंचावर झाला.

वृंदाचे नावही या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘ब्लू ग्रास’ हे केंटकीत विपुल आढळणाऱ्या एका गवताचे नाव असून त्यावरून त्या राज्याला ‘ब्लू ग्रास राज्य’ असे उपनाम पडले आहे. ज्या भूभागास हे नाव विशेषत्वाने लावतात, तो लेक्झिंग्टन शहराभोवतालचा, घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध असलेला मध्य केंटकीचा प्रदेश होय. मन्‌रोचे जन्मगाव त्यात येत नाही. मन्‌रोने हे नाव आपल्या राज्याची खूण म्हणून घेतले होते. ते एका संगीतशैलीचे नाव व्हावे, असा हेतू त्यामागे नव्हता.

बिल मन्‌रो (१३ सप्टेंबर १९११–९ सप्टेंबर १९९६) : जन्म केंटकी राज्यातील ओहायओ परगण्यात रोझीनजवळ, एका शेतकरी कुटुंबात. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याची आई मलिसा व्हँडिव्हर ही फिडल, अकॉर्डियन व हार्मोनिका वाजवीत असे. फिडल म्हणजे वस्तुतः व्हायोलिनच. लोकपरंपरेत त्याला हे नाव आहे. थोरल्या भावांपैकी बर्चने फिडल व चार्लीने गिटार आधीच घेतल्यामुळे धाकट्या बिलच्या वाट्याला मँडोलिन आले. त्याचा आवाज फार मोठा होऊ नये म्हणून भावांनी त्याच्या आठ तारांपैकी चारच ठेवू दिल्या, असे सांगितले जाते. तो दहा वर्षांचा असताना आई व सोळा वर्षांचा असताना वडील निवर्तले. त्याची दृष्टीही अधू होती. परिणामी समवयस्कांच्या खेळांत त्याला फारसे स्थान नव्हते आणि कानांनी ऐकून संगीत आत्मसात करण्याची सवय त्याला लहानपणीच जडली.

मन्‌रोच्या घडणीत तीन प्रवाह स्पष्टपणे दिसतात. पहिला प्रवाह त्याचा मामा पेंडल्टन व्हँडिव्हर याच्या फिडलवादनाचा. आईवडिलांच्या पश्चात मन्‌रो काही काळ या मामाकडे राहिला आणि गावोगावच्या नृत्यप्रसंगी त्याला साथ करू लागला. स्कॉटिश व आयरिश स्थलांतरितांकडून आलेल्या नृत्यगतींचा साठा आणि नर्तकांच्या पावलांना धरून राहणारी लय त्याला येथून मिळाली. मामाच्या स्मरणार्थ त्याने रचलेले ‘अंकल पेन’ हे गीत १९५० मध्ये ध्वनिमुद्रित झाले. दुसरा प्रवाह प्रार्थनामंदिरातील समूहगायनाचा. त्या भागात फिरत्या गायनशाळा भरत. तेथे त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा भिन्न आकारांच्या स्वरचिन्हांवरून बहुस्वरी स्तोत्रगायन शिकविले जाई. मन्‌रोला ती चिन्हे नीट दिसत नसत. तथापि स्वरमेळाची जाण त्याला त्या गायनातूनच आली. त्याच्या वृंदाने पुढे केवळ मँडोलिन व गिटार यांच्या साथीवर गायिलेल्या धार्मिक चौगायनांचे मूळ येथे आहे.

तिसरा प्रवाह कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा. ओहायओ परगण्यातील आर्नल्ड शुल्ट्‌झ (१८८६–१९३१) हा कृष्णवर्णीय खाणकामगार गिटार व फिडल या दोन्ही वाद्यांत निष्णात होता. वर्णभेद कडक असलेल्या त्या काळातही गोऱ्यांच्या नृत्यप्रसंगी त्याला वाजविण्यास बोलावीत. किशोरवयीन मन्‌रोने अशा प्रसंगी गिटारवर त्याची साथ केली होती आणि त्याचे ऋण त्याने पुढे वेळोवेळी मान्य केले. एका स्वरमेळातून दुसऱ्यात सहज सरकण्याची शुल्ट्‌झची हातोटी आणि त्याच्या ब्लूजमधील स्वरांची आर्तता यांचा ठसा मन्‌रोच्या गायनावर व मँडोलिनवर उमटला. शुल्ट्‌झच्या अंगठ्याच्या गिटारवादनपद्धतीची परंपरा केनेडी जोन्स व मोझ रेजर यांच्याकरवी मर्ल ट्रॅव्हिस या विख्यात गिटारवादकापर्यंत पोहोचली. असे असूनही शुल्ट्‌झचे एकही ध्वनिमुद्रण नाही. ज्यांनी त्याला ऐकले, त्यांच्या आठवणींतून व हातांतूनच तो उरला.

आर्थिक ओढगस्तीमुळे मन्‌रो १९२९ मध्ये भावांमागोमाग इंडियाना राज्यात गेला व तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करू लागला. शिकागोच्या नभोवाणीवरील लोकसंगीताच्या कार्यक्रमांशी संबंधित अशा नृत्यपथकात या भावांनी काम केले. १९३४ ते १९३८ या काळात चार्ली व बिल यांची ‘मन्‌रो ब्रदर्स’ ही जोडी नभोवाणीवर लोकप्रिय झाली. १९३६ ते १९३८ दरम्यान तिने ६० गीते ध्वनिमुद्रित केली. दोन भावांनी गिटार व मँडोलिनवर गाण्याची प्रथा त्या काळी रूढच होती. मन्‌रोबंधूंचे वेगळेपण त्यांच्या द्रुत लयीत व बिलच्या उंच टेनर स्वरात होते. १९३८ मध्ये भाऊ विभक्त झाल्यावर बिलने स्वतःचा वृंद उभारला. ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या साप्ताहिक नभोवाणी-कार्यक्रमात त्याला प्रवेश मिळाला. तेथे त्याने गायिलेले ‘म्यूल स्किनर ब्लूज’ हे मूळचे जिमी रॉजर्झचे गीत उंच पट्टीमुळे व वेगामुळे विशेष गाजले.

लेस्टर फ्लॅट (१९ जून १९१४–११ मे १९७९) : जन्म टेनेसीतील ओव्हर्टन परगण्यात, बालपण स्पार्टा या गावाच्या परिसरात. घरात जुन्या पद्धतीच्या बँजोवादनाचा वारसा होता व चर्चमधील गायनाचा संस्कारही होता. फ्लॅट लहान वयातच गिरणीत कामाला लागला. स्पार्टा येथील रेशीम गिरणीत व नंतर व्हर्जिनियातील कॉव्हिंग्टन येथील कृत्रिम रेशमाच्या गिरणीत त्याने काम केले. दिवसा गिरणी आणि फावल्या वेळी स्थानिक नभोवाणीवर गायन, असा क्रम सांभाळत तो व्यावसायिक गायनाकडे वळला. १९४३ मध्ये तो चार्ली मन्‌रोच्या वृंदात आला. तेथे तो मँडोलिन वाजवी व टेनर गाई, म्हणजे पूर्वी बिलने सांभाळलेली बाजूच त्याच्याकडे आली होती. १९४५ मध्ये तो बिलच्या वृंदात आला, तेव्हा मन्‌रो पद्धतीच्या द्विगायनाची त्याला आतून ओळख होती. बिल वरचा स्वर घेत असे आणि फ्लॅट आपल्या मोकळ्या, संथ ढंगाच्या आवाजात मुख्य चाल सांभाळीत असे. अंगठा व तर्जनी यांत नख्या घालून तो गिटार वाजवी. गीताची ओळ संपताना खालच्या तारांवर तो स्वरांची एक छोटी पंगत घेई. मन्‌रोच्या द्रुत लयीस धरून राहून समेवर येण्याची ही त्याची युक्ती पुढे प्रत्येक ब्लूग्रास गिटारवादकाच्या पाठातील पहिला धडा झाली.

अर्ल स्क्रग्ज (६ जानेवारी १९२४–२८ मार्च २०१२) : जन्म नॉर्थ कॅरोलायनातील क्लीव्हलंड परगण्यातील फ्लिंट हिल येथे. वडील शेती व हिशेबनिशी करीत आणि बँजो वाजवीत. अर्ल चार वर्षांचा असतानाच ते वारले. भाऊ जूनी व हॉरिस आणि बहिणी यांच्या संगतीत त्याचे वादन वाढले. लय पक्की व्हावी म्हणून तो व हॉरिस घराच्या दाराशी एकच गत सुरू करीत आणि वाजवीतच घराला विरुद्ध दिशांनी फेरी घालीत. मागच्या बाजूस भेट झाल्यावर दोघे एकाच मात्रेवर आहेत की नाहीत, याची त्यांना परीक्षा होई. महायुद्धाच्या काळात स्क्रग्जने शेल्बी येथील सूतगिरणीत काम केले. त्यानंतर तो नॉक्सव्हिलच्या नभोवाणीवर लॉस्ट जॉन मिलरच्या वृंदात वाजवू लागला आणि डिसेंबर १९४५ मध्ये मन्‌रोकडे आला.

बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे. भोपळ्याला कातडे मढवून केलेल्या पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्यांची स्मृती गुलामांनी अमेरिकेत आणली व तेथे हे वाद्य सिद्ध झाले. त्याच्या पाच तारांपैकी एक आखूड असून ती सतारीच्या चिकारीप्रमाणे एकाच स्वराचे सातत्य राखते. जुन्या वादनपद्धतीत नखाच्या बाहेरील बाजूने तारेवर खाली आघात करून अंगठ्याने ती आखूड तार छेडीत. स्क्रग्जच्या परगण्यात मात्र अंगठा, तर्जनी व मध्यमा या तीन बोटांनी वाजविण्याची पद्धती प्रचलित होती. स्मिथ हॅमेट व स्नफी जेंकिन्झ हे तिचे पूर्वीचे वादक होत. स्क्रग्जने ही स्थानिक पद्धती परिपूर्णतेस नेली. आठ समान आघातांच्या आवर्तनात तीन बोटांचा क्रम ३+३+२ असा विभागल्याने जोर ठरावीक जागा सोडून मधल्या आघातांवर पडतो. आपल्याकडील केरव्याच्या आठ मात्रा मनात धरून हा विभाग मोजला, तर त्यातील चमत्कृती सहज ध्यानात येते. या योगे मुख्य चालीचे स्वर त्या अखंड झऱ्यातून उठून दिसतात व बँजो फिडलच्या बरोबरीने एकल वादनाचे वाद्य ठरते. मन्‌रोच्या वृंदात यापूर्वी डेव्हिड एकमन ऊर्फ ‘स्ट्रिंगबीन’ जुन्या पद्धतीने बँजो वाजवीत असे व विनोदी भूमिकाही करीत असे. त्या वाद्याला त्या काळी बव्हंशी विदूषकी प्रतिष्ठाच होती. ती स्क्रग्जने पालटली.

चबी वाइझ (२ ऑक्टोबर १९१५–६ जानेवारी १९९६) : मूळ नाव रॉबर्ट रसेल वाइझ. जन्म फ्लॉरिडातील लेक सिटी येथे. प्रथम बँजो व गिटार वाजवून किशोरवयात तो फिडलकडे वळला. जॅक्सनव्हिल येथे टॅक्सी चालवीत असताना तो रात्री वादनाचे कार्यक्रम करी. पुढे गेन्झव्हिलच्या ‘जुबिली हिलबिलीज’ या वृंदात त्याने काम केले. टेक्सस व ओक्लाहोमाकडे बहरलेल्या, जाझशी नाते सांगणाऱ्या ‘वेस्टर्न स्विंग’ या नृत्यसंगीताचा त्याच्यावर प्रभाव होता. १९४० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तो मन्‌रोच्या वृंदात आला. मन्‌रोने त्याला पेंडल्टन व्हँडिव्हरच्या गतींची दिशा दाखविली. वाइझच्या लांब व गुळगुळीत गजाला ब्लूजच्या ओढलेल्या स्वरांची जोड मिळाली. ब्लूग्रास फिडलचा जो ढंग ‘पहाडी’ म्हणून ओळखला जातो, त्याचा एक प्रमुख शिल्पकार अशा रीतीने समुद्रसपाटीवरील एक टॅक्सीचालक होता.

हॉवर्ड वॉट्स (१९१३–१९७०) : जन्म फ्लॉरिडातील मॉन्टिसेलो येथे. ‘सीड्रिक रेनवॉटर’ या नावाने तो रंगमंचावर विनोदी पात्र रंगवीत असे आणि उभा बास वाजवीत असे. गावोगावच्या तंबूतील खेळांत गायनाबरोबरच प्रहसनही अपेक्षित असल्याने वृंदातील एकाकडे हे काम असेच. बासवादक म्हणून वॉट्सने प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर स्वर देण्याची नेहमीची रीत सांभाळली. पण गीताच्या मागणीनुसार तो जाझप्रमाणे चारही मात्रांवर चालणारा बासही वाजवी. ‘हेव्ही ट्रॅफिक अहेड’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढे त्याने हँक विल्यम्झच्या ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ या वृंदातही काम केले.

पाच पार्श्वभूमींचा मेळ : या पाच जणांच्या संचात ढोलवाद्य नव्हते. त्याचे कार्य वाटून घेतले गेले होते. बास मात्रेवर व मँडोलिनचा तुटक आघात मात्रेच्या मधल्या अर्ध्यावर पडे. त्या चौकटीत गिटार भराव घाली आणि बँजोचे अखंड स्वर लय पुढे रेटीत. प्रत्येक वादक आळीपाळीने पुढे येऊन एकल वादन करी व इतर जण त्याला साथ देत. ही रीत जाझमधून परिचित होती. बहुधा एकाच ध्वनिक्षेपकासमोर उभे राहावे लागत असल्याने पुढे येणे व मागे सरकणे यांचीही एक शिस्त तयार झाली. त्या संचाने सप्टेंबर १९४६ व ऑक्टोबर १९४७ मध्ये शिकागो येथे कोलंबिया कंपनीसाठी २८ गीते व गती ध्वनिमुद्रित केल्या. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे मन्‌रोचे सुप्रसिद्ध गीत त्यांपैकीच होय. तुलनेसाठी याच वृंदाचे फेब्रुवारी १९४५ मधील ध्वनिमुद्रण पाहण्यासारखे आहे. त्यात सॅली ॲन फॉरेस्टर हिचे अकॉर्डियन व स्ट्रिंगबीनचा जुन्या पद्धतीचा बँजो आहे. नेता तोच, गायन तेच. पण घडण वेगळी. नव्या घडणीस फ्लॅट व स्क्रग्ज यांचे आगमन किती कारणीभूत झाले, हे या दोन ध्वनिमुद्रणांतील अंतरावरून कळते.

वृंदाकडून शैलीकडे : १९४८ मध्ये हा संच विखुरला. फ्लॅट व स्क्रग्ज यांनी ‘फॉगी माउंटन बॉइज’ हा स्वतंत्र वृंद काढला व वॉट्सही काही काळ त्यांच्याबरोबर होता. त्याच वर्षी व्हर्जिनियातील स्टॅन्ली बंधूंनी मन्‌रोच्या वृंदाचे ‘मॉली अँड टेनब्रुक्स’ हे गीत नभोवाणीवर ऐकून त्याच घडणीने ध्वनिमुद्रित केले. मन्‌रोची स्वतःची ध्वनिमुद्रिका १९४७ मध्ये तयार झाली असूनही ती बाजारात नंतर आली. मन्‌रोला हे अनुकरण रुचले नाही. परंतु दुसऱ्या वृंदाला जे हुबेहूब उचलता येते, ते एका वृंदाचे वैशिष्ट्य न राहता शैली होते, हे या प्रसंगाने सिद्ध केले. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘ब्लूग्रास’ ही संज्ञा या शैलीसाठी रूढ होऊ लागली. १९६५ मध्ये व्हर्जिनियात फिनकॅसलजवळ भरलेल्या महोत्सवापासून अनेक दिवस चालणाऱ्या ब्लूग्रास महोत्सवांची परंपरा सुरू झाली. ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही स्क्रग्जची १९४९ मधील गत बॉनी अँड क्लाइड (१९६७) या चित्रपटामुळे जगभर पोहोचली.

मूल्यमापन : मन्‌रोला ‘ब्लूग्रासचा जनक’ म्हणतात. वृंदाची कल्पना, लय, उंच पट्टी व गीतांची निवड त्याची होती, हे पाहता ही उपाधी अनाठायी नाही. तथापि स्क्रग्जच्या बँजोवाचून ही शैली आज ओळखता येणार नाही, असा प्रतिपक्षही तितकाच सबळ आहे. हा वाद मुख्यतः कर्तृत्वाच्या वाटणीचा आहे. ज्यांचे नाव या वाटणीत आलेच नाही, त्यांचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ब्लूग्रास हे प्रदीर्घ काळ गोऱ्या ग्रामीणांचे संगीत म्हणून ओळखले गेले. त्यातील बँजो आफ्रिकी वंशाचा, ब्लूज कृष्णवर्णीयांचे आणि संस्थापकाच्या गुरुस्थानी असलेला एक वादक कृष्णवर्णीय खाणकामगार, ही बाब दृष्टीआड राहिली. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेशी संलग्न प्रतिष्ठानाने २०२० मध्ये शुल्ट्‌झच्या नावे निधी स्थापून कृष्णवर्णीय कलावंतांच्या सहभागास प्रोत्साहन देण्याचे ठरविले. ती या विस्मरणाची उशिरा झालेली कबुली होय.

शुद्ध ब्लूग्रास कोणते, हा वाद महोत्सवांच्या काळापासून सातत्याने चालत आला आहे. १९६९ मध्ये फ्लॅटपासून वेगळा झाल्यावर स्क्रग्जने आपल्या मुलांसह विद्युत्-वाद्ये व ढोल वापरले, तेव्हा पुष्कळांनी त्यास परंपराभंग ठरविले. परंतु ज्या वृंदास प्रमाण मानून हा निवाडा केला जातो, त्यात १९४५ साली अकॉर्डियन वाजत होते. आणि मन्‌रोची आईही अकॉर्डियन वाजवीत असे. या संगीतात नभोवाणी, चर्च, गिरणीतील सुटीचा वेळ, नृत्याची बैठक आणि जाझ या सर्वांचे अंश आरंभापासूनच होते. पाच माणसांनी आपापल्या गावाहून आणलेली शिदोरी एकत्र सोडली आणि ती एकमेकांस मानवली, यातच या वृंदाचे ऐतिहासिक महत्त्व सामावलेले आहे.